पडदाभर ताणलेले चित्र

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. माझ्यात एकही बिघाड नाही, हे आधीच सांगतो. माझे दुःख वेगळे आहे. सांगितले जाते तसेच मी दाखवतो. चूक कळली तरी ती दुरुस्त करता येत नाही. बटणे बाहेर आहेत आणि मी आत.

कारखान्यात माझी चाचणी एका वर्तुळाने झाली. तपासनीस बाईंनी पडद्याला मोजपट्टी लावली, वर्तुळ सर्व बाजूंनी सारखे भरले, आणि मी उत्तीर्ण झालो. पुढे दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावे म्हणून माझे रंग भडक करण्यात आले. घरी आल्यावर ते कोणी उतरवलेच नाहीत. "काय झकास चित्र आहे!" शेजारी म्हणाले. ती स्तुती माझी नव्हती, भडकपणाची होती.

जुनी चित्रे माझ्या पडद्यापेक्षा अरुंद असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते राहायलाच हवेत. घरच्या मुलाला ते खपेनात. "एवढा मोठा पडदा काय काळोख बघायला आणला?" असे म्हणून त्याने चित्र पडदाभर ताणले. जुन्या चित्रातले प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद झाले. उंची तेवढीच राहिली.

एके दिवशी त्याने वडिलांची चित्रफीत लावली. मुलगा अगदी लहान असतानाच ते वारले होते; त्यांचे हलतेबोलते रूप तेवढेच उरले होते.

"हा कोण रे?" आईने विचारले.

"अगं, बाबा!"

"छे! ते काडीसारखे होते. सावळे. हा लालबुंद ढेरपोट्या कुठून आणलास?"

सून हसली. "अहो आई, बाबांना नावं ठेवताय!"

मुलगा हसला नाही. आवाज खाली आणून तो बायकोला म्हणाला, "हिला विसर पडायला लागलाय. डॉक्टरांना दाखवू या."

आईचे कान शाबूत होते. तिने ऐकले.

वडिलांच्या मागे भिंतीवर घड्याळ होते, आडव्या अंड्यासारखे दिसणारे. पुरावा डोळ्यांसमोर टांगलेला होता. त्याकडे कोणी पाहिले नाही. मला ते कळत होते, पण मी वडिलांचा आवाज तेवढा बाहेर पोहोचवू शकत होतो, स्वतःचा नाही.

चित्रफीत पुन्हा पुन्हा लागत गेली. "आता आठवतं ना?" मुलगा विचारी. आई आधी ठासून नाही म्हणे, मग नुसती मान हलवी, मग तेही थांबले. परवा ती माझ्या अगदी जवळ आली आणि त्या रुंद चेहऱ्यावर तिने बोट टेकले.

"असेच असतील," ती म्हणाली. "मीच विसरले."

"बघ, आठवलं की नाही!" मुलाचा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, तो खरा चेहरा फक्त तिच्यापाशी होता. आता तो तिच्यापाशीही नाही. चित्रफीत लागते तेव्हा तो माझ्या आत क्षणभर जसाच्या तसा येतो, सडपातळ आणि सावळा. पडद्यापर्यंत पोहोचेतो रुंद होतो. म्हणून एकच विनंती आहे. चित्र आणि माणूस यांचे जमेनासे झाले, तर आधी चित्र तपासा. माणसाची तपासणी नंतरही करता येते.