निळा ठिपका

खसखशीच्या दाण्याएवढा निळा ठिपका, वरच्या कवळीच्या डाव्या शेवटच्या दाढेवर... आणि तो तिथं असण्यात नवल असं काहीच नव्हतं. नवी कवळी घातली की एखादी दाढ शेजारणीपेक्षा केसभर उंच राहतेच. माणसाला निळ्या कागदाची पट्टी चावायला द्यायची, रंग जिथं गडद उमटेल तिथं फिरती कानस टेकवायची, पुन्हा पट्टी, पुन्हा चावा, सगळ्या दाढांवर रंग सारखा फिका येईपर्यंत — बावीस वर्षं तो हेच करत आला होता, डोळे मिटून केलं असतं तरी चुकलं नसतं. पण गेले सात महिने ठिपका दिसला की आधी बोटांना घाम यायचा, मग तो हात पुसायचा आणि मगच कानस उचलायचा.

खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या सुईणीने तिसऱ्यांदा चावून पाहिलं, जबडा डावीउजवीकडे फिरवला आणि तोंड मोकळं झाल्याबरोबर म्हणाली, "नगराध्यक्ष झालात, पण हात तोच आहे हो."

हात तोच आहे. तिने कौतुकच केलं होतं, पण तो नळ सोडून उगाचच कोपरापर्यंत हात धूत राहिला.

अकरा वाजेपर्यंत कवळ्या, पुढे नगरपरिषद — असा त्याने नेम ठेवला होता. लोकांना त्याचं भारी अप्रूप, एवढा मोठा झाला पण धंदा सोडला नाही म्हणून. धंदा सोडला असता तर भिंतीवरची जबड्यांची ती फळी सुटली असती, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. बाहेरच्या खोलीत खुर्ची, मोरी आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर नाव नाही, नुसता आकडा. निम्मं गाव तिथं आ वासून बसलेलं. एकशे सतरा नंबरचा जबडा मात्र भिंतीकडे तोंड करून. तो त्याला वळवून ठेवायचा आणि आतल्या खोलीत मेणावर दात लावत बसणारी त्याची बायको दर शनिवारी फळी पुसताना पुन्हा सरळ करायची.

"हा एकटाच का रुसलाय?" तिने एकदा विचारलं होतं.

"धूळ बसते."

"आणि पाठीवर नाही बसत वाटतं?" एवढंच म्हणून ती आत गेली होती. तिला कळलं होतं की नव्हतं... बावीस वर्षं एका दिव्याखाली दात लावणाऱ्या बाईला काय कळत नसतं.

एकशे सतरा म्हणजे मामा. मामांना सख्खा भाचा एकही नव्हता, पण गाव सगळं भाचा. अठरा वर्षं नगराध्यक्ष. बोलायला उभे राहिले की कावळेसुद्धा तारेवर सरळ रेषेत बसतात, असं लोक म्हणायचे. आणि लोकांचं काय, ते कवळीवाल्याबद्दलही काय काय म्हणायचे! एका सुताराने म्हणे त्याची कवळी घालून वाकडा खिळा दाताने सरळ केला होता. एका आजीबाईंनी चौऱ्याऐंशीव्या वर्षी जावयाच्या दंडाला चावा घेतला, तर जावई डॉक्टरकडे न जाता आधी इथं आला होता, दातांच्या खुणा किती एकसारख्या उमटल्यात ते दाखवायला. तो ऐकून हसायचा, नाही म्हणायचा नाही. खोटं आपण बोलायचं नाही, दुसऱ्याने आपल्यासाठी बोललेलं पुसायचं नाही. तेव्हा त्याला यात काही वावगं वाटलं नव्हतं. सुरुवात तिथूनच झाली की काय, असं आता वाटतं.

खरं तर सुरुवात बडबडीतून झाली. समोरच्याच्या तोंडात आपली बोटं असली की बोलायचं आपणच. आणि आ वासून ऐकणाऱ्याला हरकत घेता येत नाही. तुंबलेलं गटार, पुलाची मोडकी पायरी, पाणी सुटायची वेळ — तो माप घेता घेता बोलत राही आणि खुर्चीतून उठलेला माणूस बाहेर जाऊन सांगे, कवळीवाला फार समंजस, त्याचं म्हणणं एकदाही खोडावंसं वाटलं नाही. मामाही याच खुर्चीत बसून ऐकायचे. एकदा तोंड पुसत म्हणाले, "या खेपेला तू उभा राहा. बिनविरोध आलो की लोक म्हणतात, म्हाताऱ्याने सगळ्यांना दाबून बसवलं. कुणीतरी पडायला हवं रे."

पडायला. तेवढ्यासाठी तो उभा राहिला, शोभेला. आपली हरकत नव्हती. पहिल्या सभेला तो पटांगणाच्या कडेला उभा होता, आणि मामांनी व्यासपीठावरून त्याच्याकडे हात केला. "हे आमचे विरोधक," ते म्हणाले. "गावाच्या तोंडात बोटं घालणारा एवढा एकच माणूस आहे, मत द्या न द्या, चावू नका." सगळं पटांगण हसलं. बायको हसली. त्यालाही हसावं लागलं. घरी येऊन त्याने बोटं नाकाशी नेऊन हुंगली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

आणि मतदानाच्या चार दिवस आधी मामा वरची कवळी तडकलेली घेऊन आले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, एखादं आजारी पाखरू आणावं तशी. त्याने सांधली. उत्तम सांधली, ती भेग आजही भिंगातून सापडायची नाही. मग पट्टी चावायला दिली. डाव्या शेवटच्या दाढेवर ठिपका आला, गडद. अर्ध्या मिनिटाचं काम. कानस उजव्या हाताशी, पायाखाली कळ. बाहेर रस्त्यावरून मामांच्या प्रचाराची गाडी चालली होती आणि आपलं बोट... त्याचं बोट त्या ठिपक्यावरून एकदा फिरलं, रंग पुसला, आणि तो म्हणाला, "झालं, मामा. बघून घ्या."

"बघायचं काय त्यात, तुझा हात आहे," मामा म्हणाले होते.

हात घसरला असं पुढे तो स्वतःला सांगत आला. पण घसरायला हात आधी उचलावा लागतो. दोन दिवसांनी शेवटची सभा. मामा उभे राहिले, पहिलंच वाक्य — आणि डावीकडे दाढ टेकली की उजवीकडून कवळी सुटायची, टक. दुसरं वाक्य, टक. ध्वनिवर्धकातून ते अख्ख्या पटांगणाला ऐकू गेलं. तिसऱ्या वाक्याला ती ओठांतून अर्धी बाहेर आली. मागून कुणीतरी फिसकारलं, मग ओळीच्या ओळी. मामांनी शांतपणे कवळी रुमालात घेतली, खिशात ठेवली आणि पाच मिनिटं तसेच बोलले. शब्द कसले, नुसता वारा. पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसत होती, हसून हसून. आणि मी... मी मागे खांबाशी उभा होतो. मला कारण माहीत होतं, सबंध पटांगणात मला एकट्याला माहीत होतं. मी हसलो. तोंड मिटून, पण हसलो.

एक्केचाळीस मतांनी तो निवडून आला. गाव म्हणालं, मामाचाच मामा झाला.

त्या दिवसापासून मामांनी कवळी घातली नाही, व्यासपीठावर पाय ठेवला नाही. लेकीकडे राहतात, मऊ पातळ खातात आणि कुणी बोलावलं तर हात हलवून नको म्हणतात, एवढं त्यांच्या लेकीनेच बाजारात त्याला सांगितलं होतं. सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता, म्हणूनच त्याला भाजी न घेताच परतावं लागलं.

सुईण पिशवी उचलून दाराकडे वळली आणि दारातच कुणाला तरी वाट द्यायला थांबली. मामा होते.

गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. पण शर्ट कडक इस्त्रीचा. न विचारता खुर्चीत बसले, खिशातून पत्र्याची डबी काढली, डबीतून कवळी. पाण्यावाचून ठेवल्याने तिचा गुलाबीपणा विटला होता. दात नसलेल्या तोंडून बोलणं फसफसत होतं, तरी सावकाश, एकेक शब्द ठेवून त्यांनी सांगितलं की आज दुपारच्या नगरपरिषदेच्या सभेत त्यांना दोन शब्द बोलायचे आहेत. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

"हिचं काही होतं का बघ," ते म्हणाले. "माझंच हाड झिजलं असणार. वयाला काय औषध."

हाड झिजलं. सात महिने हा माणूस आपल्याच जबड्याला बोल लावत बसला होता.

आणि वाट किती सोपी होती! हो मामा, हाड झिजलंय, नवी करावी लागेल, माझ्याकडून भेट, तीन आठवडे लागतील... तीन आठवड्यांत आजची सभा होऊन जाईल, गाव म्हणेल बघा मन किती मोठं, आणि जुनी कवळी त्याच्याच हाती राहील, कायमची. वाक्य जिभेवर तयार होतं. आ वासलेल्यांना इतकी वर्षं ऐकवून ऐकवून त्याची जीभ भलतीच तयार झाली होती. तो म्हणाला, "नवी करून देतो, मामा. ही आता जुनी झाली."

"नवी नको." मामांनी कवळी तोंडात बसवली. "पट्टी दे."

त्याने पट्टी दिली. मामांनी चावली. काढून त्याच्या तळहातावर ठेवलेली कवळी अजून कोमट होती, आणि ठिपका तिथंच होता, खसखशीएवढा, सात महिने थांबल्यासारखा. आता घासला तर अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात बरं होणारं दुखणं सात महिने का सोसलं, हे कळायला मामांना दुसरं अर्धं मिनिट पुरेल. अठरा वर्षं ज्याने माणसं वाचली, त्याला एवढा हिशेब जड नव्हता. आतल्या खोलीत बायकोच्या हातातला चिमटा थांबला होता. मेणावर दात टेकवण्याचा बारीकसा आवाज येईनासा झाला होता.

त्याने हात पुसले. कळ दाबली. यंत्र गुणगुणलं... पुरती बारा सेकंदं, त्याने मोजली. पुन्हा पट्टी. रंग सगळीकडे सारखा, फिका.

मामांनी कवळी घातली, दोनदा दात वाजवले. गाल भरून आले, नाक-हनुवटी आपापल्या जागी गेली, आणि सात महिन्यांत न दिसलेला तो माणूस खुर्चीत येऊन बसला. खणखणीत आवाजात त्याने विचारलं,

"एवढंच होतं?"

कोणतंही उत्तर देता आलं असतं.

"एवढंच होतं, मामा."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग रिकामी डबी खिशात टाकून ते उठले. फळीशी थांबले, भिंतीकडे तोंड केलेला एकशे सतरा उचलून त्यांनी सरळ करून ठेवला, शेजारच्यांच्या रांगेत आणला, आणि "सभेत भेटू," म्हणून निघून गेले.

सभागृहात दुपारी पंखे करकरत होते. लेखनिकाने एकेक विषय वाचला, एकेक मंजूर झाला. पायरी, गटार, नळ. त्याने कशाला हात वर केला नि कशाला नाही, हे त्याला आठवेना. नागरिकांच्या खुर्च्यांत पहिल्याच रांगेत मामा बसले होते, हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेलं. सकाळपासून ओठांचा तो मिटलेला आकार त्याच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. जेवताना घास फिरत राहिला, बायकोने ताट उचललं. मग दाराशी त्याचं उपरणं नीट करताना म्हणाली, "आज तुम्ही घाईने प्रश्न उरकू नका." म्हणजे तिलाही माहीत होतं. म्हणजे दर सभेच्या शेवटी नागरिकांना काही बोलायचं आहे का हा प्रश्न तो एका दमात म्हणून कागद आवरतो, हे गावाने नाही, तिने पाहिलं होतं.

शेवटचा विषय संपला. लेखनिकाने लेखणीचं टोपण लावायला घेतलं.

तो उभा राहिला. आधी वाटलं होतं, या क्षणी नुसती भीती वाटेल. आणि वाटतही होती, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, त्याला ओळखता न येणारं... सकाळी यंत्र गुणगुणत असताना बोटांत आलेलं तेच.

"नागरिकांपैकी," तो सावकाश म्हणाला, "कुणाला काही बोलायचं आहे का?"

आणि कागद आवरले नाहीत. पंखे करकरत राहिले. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणी खोकलं. मामांनी गुडघ्यांवरचे हात उचलले की नुसतेच हलवले, ते इथून कळत नव्हतं. त्यांचे ओठ किंचित विलग झाल्यासारखे वाटले, की ते उजेडाचंच काही होतं. त्याची जीभ आपल्याच तोंडात डावीकडे, शेवटच्या दाढेपाशी जाऊन काहीतरी शोधत होती. तिथं काही नव्हतं, त्याचे सगळे दात शाबूत होते, तरी ती शोधत होती. लेखनिक वर पाहायला लागला. आता बसायला हवं, असं सगळ्यांचेच चेहरे सांगत होते, आणि तो उभाच होता. बोलतील की काय, बोलतील की काय, असं सात महिने छातीत ठणकत आलेलं ते भय त्याने चाचपलं, तर हाताला भलतंच लागलं: बोला, मामा... बोला ना.