कडीवरची पिवळी पट्टी

बंबसाहेब पिवळ्या कापडाचा तागा काखेत मारून दारात उभे राहिले, तेव्हा काकूंनी शिलाई मशीनवरची मान वर केली नाही. उंबऱ्याबाहेर बूट काढायची ती सावकाश धडपड ओळखीची होती. अग्निशमन दलाचा हा अधिकारी गल्लीत पहिल्यांदा आला तो बंब घेऊन नव्हे, फळा आणि खडू घेऊन. तरी बंबसाहेब हे नाव पडलं ते पडलंच.

"काकू, येऊ का?"

"आलाच आहात, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय."

खुर्चीचे चारही पाय धड होते. ती काकांची खुर्ची होती. बंबसाहेबांना ते कळलं असावं, कारण ते मुकाट्यानं खाली सतरंजीवर बसले आणि तागा शेजारी ठेवला.

"कारखाना पुन्हा सुरू झालाय," ते म्हणाले. "नळ नवे, व्हॉल्व्ह नवे, सगळं खरं. पण अमोनिया जुनाच. सराव ठेवायचा म्हटलं तर गल्ली बाहेर निघायला तयार नाही. म्हणतात, पट्टीपायीच माणूस गेला, आता कसली पट्टी घेऊन बसलात?"

काकूंनी दाताने दोरा तोडला. "आणि शिट्टी?"

"भाजीवाल्या बाईंनी माझ्या टेबलावर आणून ठेवली ती ठेवलीच. दुसरं कुणी हात लावत नाही." त्यांनी तागा काकूंच्या दिशेनं सरकवला. "काकू, उद्या परत काही झालं तर या गल्लीत दार वाजवणारं कुणी नाही. तुम्ही पट्ट्या शिवल्यात तर लोक बाहेर येतील. नाही म्हणालात तरी मी काही म्हणणार नाही. कापड ठेवून जातो."

ते गेले. काकूंनी ताग्याचं टोक उलगडून पाहिलं. रंग तोच होता, हळदीपेक्षा थोडा फिका.

गल्लीच्या टोकाला बर्फाचा कारखाना होता आणि काकूंचं घर त्याच्या भिंतीला लागूनच. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, शेजारी बर्फ म्हणजे घर गार असेल. कसलं गार! भिंतीपलीकडे रात्रंदिवस कॉम्प्रेसर धडधडायचा, भांड्यांची फळी थरथरायची. काका तिथेच कामाला, आधी लाद्या ओढायला, मग कॉम्प्रेसरवर. उन्हाळ्यात पाळी संपवून यायचे ते गोणपाटात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा घेऊन. गल्लीतली पोरं वाटच बघत असायची. काका भुसा झटकायचे, हातोडीने ढलप्या पाडायचे आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवायचे. "पळा, नाहीतर हातातच वितळेल!" पोरं पळायची. आता त्यांतली कितीतरी स्वतः आईबाप झालेली, पण काका त्यांच्यासाठी शेवटपर्यंत बर्फवाले काकाच.

काकांच्या कपड्यांना तो वास असायचा. उग्र, डोळ्यांत झोंबणारा. पहिली काही वर्षं काकू नाक दाबून कपडे धुवायच्या. काका हसायचे. "कुठं येतोय वास? मला तर नाही येत." ती थट्टा नव्हती. जन्म त्या वासात गेला आणि नाकानं कधीतरी हळूच काम सोडून दिलं. फोडणी करपली तरी त्यांना पत्ता नसायचा. कॉम्प्रेसरच्या धडधडीनं कानही मंदावले होते. निवृत्त झाल्यावर ते मजेत सांगायचे, "नाक गेलं, कान गेले. आता जीभ तेवढी शाबूत आहे." त्यावर काकू म्हणायच्या, "तीच आधी जायला हवी होती."

मग एकदा कारखान्यात थोडी गळती झाली. कुणाला काही झालं नाही, पण शहराला जाग आली आणि बंबसाहेब फळा घेऊन आले. वारा कुठून येतो ते आधी बघा. वाऱ्याबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवं निघा. कापड ओलं करा, नाकातोंडावर धरा. शाळेच्या मैदानात जमा. गल्लीत दारं वाजवत जायला एक माणूस हवं होतं, तर सगळ्यांनी एकमुखानं भाजीवालीकडे बोट दाखवलं. तिचा आवाज असा की मेलेला उठून बसेल. लोक तेव्हा असंच बोलायचे.

"मी बाई गाडी लावू का दारं वाजवू?" ती म्हणाली, पण शिट्टी गळ्यात घातली ती जणू दागिना.

दार वाजवणाऱ्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून ठरलं: घर रिकामं केलं की दाराबाहेरच्या खिळ्याला पिवळी पट्टी अडकवायची. पट्टी दिसली की समजायचं, घरात कुणी नाही, पुढं चला. पट्ट्या काकूंनी शिवल्या. काठ दुमडून, दुहेरी टाके घालून, जणू कुणाच्या लग्नाचे कपडे.

काकांना हे सगळं म्हणजे पोरखेळ. "ज्या वासावर मी तुमचं पोट भरलं, त्याच्यापासून मला पळायला शिकवतो होय तो साहेब?" काकू समजावायच्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. सरावाच्या दिवशी भोंगा वाजला, की काका उठायचे, दार उघडून पट्टी खिळ्याला अडकवायचे, पुन्हा आत यायचे आणि आतून कडी लावून चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचे. कुणी त्रास द्यायला नको!

गल्लीला हे ठाऊक होतं. भाजीवाली पट्टी दिसली तरी काकूंचं दार धडाधडा वाजवायची. "भाऊजी, निघा बाहेर! मेलात तुम्ही, ऐकू येतंय का?"

"मेलोय तर बाहेर कसा येऊ?" आतून उत्तर यायचं आणि सगळी गल्ली हसायची. काकूसुद्धा.

एका सरावाला बंबसाहेबांनी ते पाहिलं. ते भाजीवालीवर रागावले, नीट रागावले. "बाई, पट्टी असलेल्या दारावर तुम्ही थांबलात. तेवढ्यात शेवटच्या घरातलं माणूस जाईल. पट्टी दिसली की थांबायचं नाही, म्हणजे नाही." भाजीवालीनं कानाला खडा लावला.

ज्या दुपारी खरा भोंगा वाजला, त्या दुपारी काकू शिवलेले पडदे पोचवायला बाजारापलीकडे गेल्या होत्या. भोंगा ऐकून त्यांना वाटलं, आज कुठं सराव होता? मग वाऱ्याबरोबर तो वास आला. इतक्या लांब. काकू पडदे तिथेच टाकून धावत सुटल्या. गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली होती, पांढुरक्या धुराआडून कारखान्याची भिंत दिसत नव्हती आणि मुखवटे घातलेली माणसं त्यांना पुढे जाऊ देईनात. त्या मैदानाकडे वळल्या. तिथे सगळी गल्ली होती. भाजीवाली मधोमध उभी, डोळे लालभडक, आणि तिच्या कडेवर शेवटच्या घरातल्या बाळंतिणीचं तान्हं पोर. ती झोपलेल्या आईला उठवून, पोराला ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती.

"आमचे हे कुठं आहेत?" काकूंनी विचारलं.

"पट्टी होती वहिनी," भाजीवाली म्हणाली. आणि बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला. "खिळ्याला पट्टी होती..."

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही.

काका दाराशीच सापडले. तोंडाला ओला टॉवेल गुंडाळलेला होता. म्हणजे नाकानं नाही, पण डोळ्यांनी आणि छातीनं शेवटी त्यांना कळलं होतं. काकूंनी शिकवलेलं त्यांनी ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं. फक्त डोळे मिटले गेल्यावर स्वतःच लावलेली कडी त्यांना सापडली नाही.

तेव्हापासून काकू आणि भाजीवाली बोलल्या नव्हत्या. गल्लीला वाटायचं, काकूंच्या मनात राग आहे. राग नव्हता. तिच्याशी बोलायला तोंड उघडलं की त्यातून काय बाहेर येईल, याची काकूंना भीती वाटायची. हसणाऱ्यांत त्याही होत्या ना! आणि भाजीवाली? तिची गाडी गल्लीत शिरायची, पण काकूंच्या दारावरून जाताना तिची हाळी बंद व्हायची. एवढा मोठा आवाज, आणि त्या दारापाशी नुसता चाकांचा खडखडाट.

त्या संध्याकाळी काकूंनी ताग्यातला हातभर तुकडा कापला आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. खिळा अजून तिथेच होता. त्यावर पट्टी अडकवायला कुणीही चालतं, पुन्हा आत जाऊन बसणारं माणूसही. पट्टी अशी हवी, की बाहेर पडल्याशिवाय ती लागायलाच नको. काकूंनी दार ओढून घेतलं, बाहेरची कडी घातली, कोयंड्यातून पट्टीचं टोक ओवून पाहिलं. सुटत होतं. त्या आत गेल्या, टोकाला काज केलं, दुसऱ्या टोकाला कोटाचं मोठं बटण लावलं. पुन्हा बाहेर. कडी घातलेली असेल तरच पट्टी कोयंड्यातून जाई आणि बटण बसे. आत बसलेल्या माणसाला ते काही केल्या जमणारं नव्हतं.

मग त्यांच्या मनात आलं, आणि आत कुणी राहिलं असताना बाहेरून कडी घातली तर? त्या ओट्यावर बसून विचार करत राहिल्या. शेवटी एकच उपाय सुचला. तो सुचल्यावर त्या तशाच उठल्या आणि भाजीवालीच्या घरी गेल्या.

भाजीवाली वाळत घातलेली पोती उचलत होती. काकूंना बघून तिचे हात तिथेच थांबले.

"कोबी संपला," ती म्हणाली.

"मला कोबी नकोय."

"मग शिव्या द्यायला आलात, तर द्या वहिनी. आता तरी द्या. मला झोप लागेल."

"शिव्या तुला कशाला?" काकू म्हणाल्या. "तू थांबली असतीस तर ते पोर गेलं असतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, मैदानात, ते तुझ्या कडेवर दिसलं तेव्हाच. तुला सांगायला मात्र मला इतके दिवस लागले. बाई, तू चुकली नाहीस."

भाजीवाली पोत्यांच्या ढिगावरच बसली. "मी दारासमोर होते हो. हात वर केला होता वाजवायला. मग साहेबांचं बोलणं आठवलं. आता रोज हात वर होतो आणि दार वाजत नाही."

काकू तिच्या शेजारी बसल्या. दोघी रडल्या, पण फार नाही. रडून झालं होतं ते आपापल्या घरी. मग काकूंनी पिशवीतून पट्टी काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि बटण कसं लागतं ते दाखवलं.

"आणि कडी घालण्याआधी," काकू म्हणाल्या, "घरातल्या प्रत्येक माणसाला उंबऱ्यावरून मोठ्यानं हाक मारायची. जेवढी माणसं त्या घरात राहतात तेवढ्या हाका. उत्तर बाहेरून आलं पाहिजे. मगच कडी."

भाजीवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरी कुणाला हाक मारणार, वहिनी?"

काकूंनी पट्टीचं बटण पुन्हा एकदा लावून पाहिलं.

नव्या पट्ट्या आणि हाकेचा नियम, दोन्ही घरोघरी पोचले. सरावाच्या सकाळी भोंगा वाजला, तेव्हा गल्लीनं आधी काकूंच्या दाराकडे पाहिलं. ते उघडलं तर बाकीची उघडणार होती. काकू ओला रुमाल हातात घेऊन बाहेर आल्या. वळल्या. आत खुर्ची होती, फळीवर भांडी होती, आणि भिंतीपलीकडचा नवा कॉम्प्रेसर चालू झाल्यामुळे ती पूर्वीसारखीच थरथरत होती. शेजारणीनं खिडकीतून म्हटलं, "काकू, तुम्ही नाही मारली हाक तरी चालेल हो."

"नियम म्हणजे नियम," काकू म्हणाल्या. चौकटीवर हात टेकून त्यांनी हाक मारली.

"अहो! निघताय ना?"

कानानं मंद माणसाला ऐकू जावी एवढ्या मोठ्यानं.  काकू उत्तरासाठी थांबल्या, जेवढं थांबायचं ठरलं होतं तेवढंच. मग त्यांनी दार ओढलं, बाहेरची कडी घातली, कोयंड्यातून पट्टी ओवली. बटण काजातून दोनदा निसटलं, मग बसलं.

गल्लीत एकामागून एक दारं उघडली. नावं ऐकू येऊ लागली, पोरांची, म्हाताऱ्यांची, रुसून बसलेल्या सुनेचीसुद्धा. आणि पलीकडून शिट्टी वाजली. भाजीवाली दारं वाजवत येत होती. काकूंच्या दाराशी तिनं पट्टी पाहिली आणि ती थांबली. हात वर झाला होता.

काकूंनी तो हात धरला, क्षणभर घट्ट दाबला आणि सोडला.

"इथं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या दारावर जा."