पन्नास लिटर

"लग्नघर होतं का हे? एवढी टाकी कोण टांगतं हो घरात!"

मिस्त्री हे भिंतीकडे तोंड करून पुटपुटला होता. पण बाथरूम एवढीशी, त्यात तो स्टुलावर आणि ती दारात टॉर्च धरून उभी. भिंतीला सांगितलेलं तिलाही ऐकू आलं.

"वडिलांनी बसवली होती," ती म्हणाली. "तेव्हा घरात माणसं होती." मग तिलाच ते कसंतरी वाटलं. "म्हणजे, जास्त होती."

मिस्त्रीने मान हलवली आणि पाना फिरवला. जुना गीझर खालच्या शिवणीतून गळत होता. पहिले काही दिवस तिने खाली बादली ठेवून भागवलं. खरं सांगायचं तर तो टपटप आवाज तिला फारसा खटकत नव्हता. दुकानातून येऊन कुलूप काढलं की आत कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटायचं. पण मग खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि त्यांच्या छतावर उमटलेल्या डागाचं इतकं बारकाईने वर्णन केलं, की तो डाग बघायला जाण्याची गरजच उरली नाही.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. तरुणपणी तात्पुरती म्हणून लागली ती तिथेच राहिली. चष्म्याच्या काड्या गरम मण्यांच्या भांड्यात धरून मऊ करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसतील अशा वाकवायच्या, हे तिचं काम. शिवाय लोकांना फ्रेम निवडून देणं. "हा नाकावर उतरेल, तो घ्या," असं ती दिवसभर अनोळखी माणसांना छातीठोकपणे सांगायची. गीझरच्या दुकानात मात्र तिची ततपप झाली होती.

"फॅमिली केवढी, मॅडम?" तिथल्या सेल्समनने विचारलं होतं.

तिने मनातल्या मनात मोजलं. दादा, वहिनी, दोन मुलं आणि आपण. "पाच."

"बाथरूम दोन?"

"एकच."

"मग पन्नासशिवाय पर्याय नाही. नाहीतर शेवटच्याला गार पाणी."

"शेवटची मीच असते," ती म्हणाली. सेल्समन हसला. त्याला तो विनोद वाटला.

तो विनोद नव्हता. दादाला दुसरं बाळ झालं, तेव्हा नातवंडांना गरम पाणी कमी पडू नये म्हणून वडिलांनी हा पन्नास लिटरचा गीझर हौसेने आणला. घरात आंघोळीचे नंबर ठरलेले. आधी वडील, मग दादा, वहिनी, पोरं, आई, आणि सगळ्यांचं झालं की ती. तिच्या वाट्याला नेहमी कोमट पाणी यायचं. पुढे दादाची बदली झाली, तो बायकापोरांसह गेला. वडील गेले. आई अंथरुणाला खिळली. तेव्हाही आधी आईचं अंग पुसायला, मग चादरी भिजवायला, आणि राहिलेलं कोमट तिला. आता आईही नव्हती. टाकीभर पाणी सबंध तिचं होतं. तरी ती सकाळी बटण लावायची, बंद करायची, चहा घ्यायची, पेपर चाळायची, आणि पाणी निवलं की आंघोळीला जायची. कडकडीत पाणी अंगावर घेतलं, की आपण कुणाचा तरी नंबर मारला असं तिला वाटे.

दादा म्हणायचा, पुढच्या सुट्टीत येतो. प्रत्येक सुट्टीच्या आधी ती गाद्या उन्हात टाकायची आणि कपाटातले चार टॉवेल काढून धुऊन परत ठेवायची. वापराविना धुऊन धुऊन ते विटले होते. आई गेली तेव्हा ते सगळे आले होते, पण उतरले हॉटेलात. "तुला उगाच त्रास नको," दादा म्हणाला होता.

गीझर घ्यायचा म्हटल्यावर मात्र दादाला उत्साह आला. कुठल्या टाकीला आतून काचेचा लेप असतो, कुणाला किती स्टार, वीज किती खातो, सगळं त्याने फोनवर समजावून सांगितलं. फोटो पाठवले. "पन्नासच घे, चिमे. कमी घेऊ नकोस." पन्नाशी उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. आई आजारी असताना त्याचे फोन चटकन आटपायचे. पण तेव्हा निवडण्यासारखं काही नव्हतंही म्हणा.

"धरा जरा खालून," मिस्त्री म्हणाला. दोघांनी मिळून जुनी टाकी उतरवली. त्याने खालची चकती उघडली आणि आतून एक तार बाहेर काढली. चहाच्या चमच्यापेक्षाही बारीक, खडबडीत, मधेच तुटलेली.

"बघा. ही जाडजूड सळी असते. पाणी हिला खातं, म्हणून टाकी वाचते. मधनंमधनं बदलायची असते. कुणी बदलली नाही?"

"बदलतात हे माहीतच नव्हतं."

"मग संपणारच की बिचारी," असं म्हणून त्याने ती कोपऱ्यात टाकली आणि भिंतीवर बोटांनी टकटक केलं. आवाज भसका आला. त्याने तोंड वाकडं केलं.

"ताई, भिंत पाणी प्यालीय. पन्नास लिटरची टाकी भरली की एक माणूस लटकल्यासारखं वजन होतं. बोल्ट आरपार घालावे लागतील, पलीकडे पट्टी मारावी लागेल. होईल, नाही असं नाही. पण पंधराचा असता ना, तर तिकडच्या कोरड्या भिंतीवर तासाभरात बसला असता." त्याने बाहेर पॅसेजमधल्या मोठ्या खोक्याकडे बघितलं. "अजून फोडलं नाहीये. दुकानवाला बदलून देईल. एकदा फोडलं की तुमचं. किती जण आहात घरात?"

विचारता विचारता त्याची नजर बेसिनवरच्या फळीकडे गेली. तिथे एक ब्रश होता, एक कंगवा होता. तो पाना पुसू लागला.

"भावाला विचारते," ती म्हणाली.

हातात टॉर्च होता, म्हणून तिने फोन बेसिनच्या कडेवर ठेवला आणि स्पीकर लावला. दादाने लगेच उचलला.

"बसला?"

"नाही रे. भिंत ओली आहे म्हणतात. मिस्त्री म्हणतात, पंधराचा सोपा पडेल."

"छे छे! त्यांचं काय जातंय, त्यांना काम लवकर उरकायचं असतं." मिस्त्रीने छताकडे बघितलं. "आरपार बोल्ट घाला म्हणावं. आम्ही चौघं आलो की पंधरात काय होणार? पोरं तर अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभी असतात."

"कधी येताय?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. ती नुसतं "या हं" म्हणायची आणि तो "येणार तर!" म्हणायचा, आणि दोघं सुटायचे. आता प्रश्न तोंडातून निघून गेला होता.

"अगं, म्हणजे... हिच्या ऑफिसचं बघायचं. धाकट्याची परीक्षा. मग ते झालं की... बघू ना. पण टाकी असलेली बरी, काय? घर म्हटलं की—"

"द्या इकडे," मागून वहिनीचा आवाज आला.

"अगं, गीझरचं चाललंय, तू—"

"द्या म्हणते ना."

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. वहिनी फोनवर फारसं बोलायची नाही. "बऱ्या आहात ना?" एवढं विचारून फोन दादाकडे द्यायची. ती नवी नवरी असताना दोघी गच्चीवर केस वाळवत बसायच्या आणि वहिनी तिला चिडवायला 'वन्सं' म्हणायची. आईच्या वयाच्या बायकांचा शब्द, हसू यायचं दोघींना.

"वन्सं," वहिनी म्हणाली. हसली नाही.

"बोला."

"पंधराचाच घ्या."

"आणि तुम्ही आलात की?"

कोपऱ्यात उतरवून ठेवलेल्या टाकीतून उरलंसुरलं पाणी फरशीवर झिरपत होतं. मिस्त्री खोक्याची चिकटपट्टी कापायला सुरी हातात घेऊन पॅसेजमध्ये उभा होता आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत होता.

"आम्ही नाही येणार, वन्सं. ह्यांना त्या घरात पाऊल टाकवत नाही. आईंचं सगळं तुम्ही एकटीने केलंत आणि आम्ही 'येतो, येतो' म्हणत इथे बसून राहिलो. आता कुठल्या तोंडाने तिथे येऊन गरम पाण्याने आंघोळी करायच्या? ह्यांना ते म्हणवणार नाही, म्हणून मी म्हणते. आमची वाट नका बघू."

पलीकडून दादाचा आवाज येईल म्हणून ती थांबली. 'काहीतरीच काय बोलतेस' एवढं तरी. तो तिथेच होता, त्याचा श्वास ऐकू येत होता.

तिने टॉर्च बंद केला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "खोकं फोडू नका."