गंमत होती, म्हणे

चिमी हे काही सतरा वर्षांच्या, आईपेक्षा वीतभर उंच मुलीला शोभणारं नाव नव्हे. पण घरात एकदा नाव पडलं की पडलं. तिला त्याचं काही वाटत नसे. शाळेत तिला जे चिकटलं होतं ते तर कुणी तोंडाने उच्चारतही नसे. नुसतं नाक दाबलं की काम भागायचं.

सुरुवात अगदी साधी होती. नववीत, खेळाच्या तासानंतर, पुढच्या बाकावरच्या तिघी मागे वळल्या. एकीने नाकाला रुमाल लावला, दुसरी उठून खिडकी उघडायला गेली. वर्ग हसला. चिमीही हसली, कारण कोणावर हसतायत हे तिला अजून कळायचं होतं. महिन्याभरात सगळ्या वर्गाला धडा पाठ झाला : चिमी आली की खिडक्या उघडायच्या. ऐन थंडीत पोरं कुडकुडत बसली, पण एकानेही खिडकी लावली नाही. एवढी एकी त्या वर्गाने दुसऱ्या कशात कधी दाखवली नव्हती. वर्गशिक्षिका बाईंनी विचारलं, ‘‘एवढ्या थंडीत खिडक्या कशाला?’’

‘‘मोकळी हवा, बाई.’’

बाईंनी आरोग्याच्या जाणिवेबद्दल वर्गाचं कौतुक केलं.

चिमी आंघोळी करू लागली. सकाळी, शाळेतून आल्यावर, झोपायच्या आधी. घासून घासून कोपर सोललं. आईला वाटलं, मुलगी वयात आली, नटण्यामुरडण्याचे दिवस आहेत. बाबा म्हणाले, ‘‘अशीच चकाकत राहिलीस तर घरात दिवे लावायला नकोत!’’ मग एके दिवशी तिने आंघोळच सोडली. पाठोपाठ वेणीफणी सोडली, शाळा सोडली आणि अंथरूण धरलं. डॉक्टरांनी नैराश्य असं निदान केलं, गोळ्या दिल्या आणि आठवड्यातून एकदा बोलायला एक समुपदेशक ताई नेमून दिल्या. बोलायचं कसलं, चिमी टेबलाच्या कडेकडे बघत बसायची. पण तिथेच एकदा तिच्या तोंडून खिडक्यांचं निघालं, आणि तेव्हा कुठे घरी कळलं.

बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा सोफ्यांच्या दुकानात विक्रेते होते. गिऱ्हाईक एकदा सोफ्यावर टेकलं की तो घेतल्याशिवाय उठत नसे, अशी त्यांची जीभ. ती सगळी जीभ त्यांनी मुख्याध्यापिकेच्या खोलीत चालवली. त्या तिघींना बोलावलं गेलं. तिघी रडल्या. ‘‘आम्ही नुसती गंमत करत होतो,’’ म्हणाल्या.

‘‘गंमत?’’ बाबा कडाडले. ‘‘ज्याची होते त्याला विचारा, गंमत कशी लागते ती!’’

वाक्य चांगलं जमलं होतं. घरी आल्यावर त्यांनी ते आईला दोनदा आणि मामाला फोनवर एकदा ऐकवलं.

शाळाही हातावर हात ठेवून बसली नाही. तिने स्नेह समिती स्थापन केली आणि रुमालवालीला तिची प्रमुख केलं. नेतृत्वगुण तिच्यात होतेच. समिती फुलांचा गुच्छ घेऊन घरी आली, चिमीला मधे बसवून फोटो काढला आणि तो शाळेच्या फलकावर लागला. फुलांना घमघमीत वास होता. तो मुद्दाम होता की सहज, याचा विचार करत चिमी चार दिवस छताकडे बघत राहिली. शाळेच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

त्यानंतर दोन वर्षं गेली. वर्गातली मुलं पुढे गेली, पांगली. चिमी मात्र त्याच खोलीत, त्याच कुशीवर. कधी बरे दिवस यायचे, तेव्हा ती ताटावर येऊन बसायची, पण खुर्ची जरा लांब ओढून. आई म्हणायची, ‘‘अगं, जवळ ये.’’ चिमी म्हणायची, ‘‘इथे ठीक आहे.’’

अशात त्यांच्या बाथरूमचा नळ आतून झिरपायला लागला आणि एका सुट्टीच्या दुपारी खालच्या मजल्यावरचे आजोबा तक्रार घेऊन वर आले. त्यांच्या पलंगावर थेंब थेंब पडत होतं. बाबांनी लगेच आपल्या बालमित्राला फोन लावला. हा मित्र प्लंबर होता आणि त्याला सगळं गाव ‘गळका’ म्हणे. त्याच्या गाडीवरही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘गळतंय? गळक्याला बोलवा!’ धंद्याला साजेसं नाव, असं वाटून लोक हसायचे आणि हटकून त्यालाच बोलवायचे.

तो आला, पाना-पक्कड घेऊन बाथरूमकडे निघाला, तेवढ्यात बाबांनी त्याला खांद्याला धरून आजोबांपुढे उभं केलं. नवा ऐकणारा मिळाला की बाबांना राहवत नसे.

‘‘आजोबा, याला गळका का म्हणतात माहीत आहे? नळांमुळे नाही हो! चौथीत गुरुजींनी याला कविता म्हणायला उभं केलं. हा उभा राहिला, ती कविता राहिली घशात, आणि खाली हे एवढं तळं! मी मागून ओरडलो, गळका! बस्स. तेव्हापासून आजपर्यंत. आणि नशीब बघा लेकाचं, झाला प्लंबरच! नाव माझं आणि धंदा याचा!’’

आजोबा खोखो हसले. आई ही गोष्ट लग्नापासून ऐकत आली होती, ती ठरल्या जागी हसली. सगळ्यांत मोठ्याने हसला तो गळका.

चिमी खोलीत पडून ऐकत होती. ही गोष्ट तिलाही तोंडपाठ होती. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून ‘तळं’ हा शब्द तीच ओरडायची. आज तिला हसू आलं नाही. आज तिने पहिल्यांदाच त्या गळक्याकाकांचं हसू नीट कान देऊन ऐकलं. ते बाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच सुरू होत होतं.

आजोबा खाली गेले. बाबा बाहेर पेपर घेऊन बसले, आई चहाला लागली. चिमी उठली आणि बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली. जरा लांबच.

‘‘काका, तुम्हाला राग नाही येत?’’

गळका गुडघ्यांवर बसून नळ खोलत होता. त्याने मागे न बघता विचारलं, ‘‘कशाचा गं?’’

‘‘त्या गोष्टीचा.’’

‘‘हसलो की लवकर संपते,’’ तो म्हणाला. ‘‘नाही हसलो तर लांबते.’’

‘‘मग ती कायमची संपते कधी?’’

त्याने पाना खाली ठेवला. ‘‘मोठ्या माणसाने सांगायला हवं की संपते. पण तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. मी अजून कुठेही गेलो, लग्नाला म्हण, इस्पितळात म्हण, की आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवतो. त्याशिवाय बसवत नाही. सिनेमाला गेलो तर कडेची खुर्ची. बायकोला वाटतं, मला पाय पसरायला आवडतात.’’ मग तो स्वतःशीच हसला, पण हे हसू वेगळं होतं. ‘‘म्हणून तर हा धंदा धरला. माझ्यासारख्याला झकास. कुणाच्याही घरी जा, न विचारता आधी बाथरूमच दाखवतात!’’

चिमीला हसू फुटलं. तिचं तिलाच दचकायला झालं. हसू थांबेना, आणि मधेच ते रडण्यात गेलं, मग परत हसण्यात आलं. गळका घाबरला. हात पुसायला फडकं शोधू लागला, ते सापडेना, म्हणून तसाच उभा राहिला.

‘‘काका,’’ तिने शेवटी विचारलं, ‘‘खरं सांगा. माझा वास येतो का?’’

‘‘मला विचारून काय उपयोग? गटारं उपसून नाक कधीच कामातून गेलंय. बायको म्हणते, घर जळालं तरी तुम्हाला कळायचं नाही.’’

जगात निदान एक माणूस असा होता की ज्याच्यासमोर हा प्रश्नच निघू शकत नव्हता. चिमी दोन पावलं पुढे आली आणि उंबऱ्यावर बसली. काम होईपर्यंत तिथेच बसून राहिली.

चहाला सगळे एकत्र बसले. चिमीला बाहेर आलेली बघून बाबांना आनंदाचं भरतं आलं. ‘‘अरे गळक्या, तुझा पायगुण रे! सांग हिला, ती सहलीची गंमत...’’

‘‘बाबा, त्यांना नावाने हाक मार ना,’’ चिमी म्हणाली.

‘‘अगं, हेच त्याचं नाव! आमची गंमत आहे ती.’’

‘‘त्या तिघी पण तेच म्हणाल्या होत्या.’’

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. बाबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ‘‘ते वेगळं, हे वेगळं!’’

‘‘कसं?’’

सोफे विकणारी ती जीभ तीन शब्दांवर आटोपली. ‘‘आम्ही मित्र आहोत,’’ ते कसंबसं म्हणाले. आणि मदतीसाठी बघितलं कुणाकडे, तर गळक्याकडेच. गळक्यानेही इमानाने मदत केली. तो मोठ्याने हसला. पण या वेळी ते हसू कुणाच्याच कामी आलं नाही. बाबा कप तसाच ठेवून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धीर करून मित्राला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली.

‘‘काय झालं?’’ गळका पलीकडून ओरडला. ‘‘कोण गेलं?’’

‘‘कुणी गेलं नाही रे. मी आपलं... ते चौथीतलं...’’

‘‘हे बघ, तू असं बोलायला लागलास की मला कुणीतरी गेल्यासारखंच वाटतं. काही गळतंय का तुझ्याकडे? नाही ना? मग ठेव फोन.’’

माफी मागायची राहिली ती राहिलीच. आता बाबा त्याला नुसतं ‘अरे’ म्हणतात. ती गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही, आणि तिच्याशिवाय त्यांच्या गप्पांत मधेच एक खड्डा पडतो तो पडतोच.

चिमी काही त्या दुपारी बरी झाली नाही. गोळ्या चालू राहिल्या. पण समुपदेशक ताईंकडे ती बोलू लागली आणि आंघोळ दिवसाला एक यावर मुक्काम झाला. वाईट दिवशी दोन. शाळांचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा तिने बाहेरून दहावी करून घेणाऱ्या एका संस्थेत नाव घातलं. पहिल्या दिवशी आई-बाबा दोघंही कामाला न जाता घरी बसले, एकमेकांना ‘काळजी करू नकोस’ म्हणत.

चिमी संध्याकाळी आली ती दप्तर आपटतच. ‘‘वर्गात शेजारी बसलेल्या मुलीने माझं पेन मागितलं आणि परतच दिलं नाही! नवं कोरं होतं. आणि वर म्हणते, उद्या देते. मला माहीत आहे, देणार नाही ती. निर्लज्ज!’’

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा घाईघाईने स्वयंपाकघरात गेले आणि डोळे पुसत बाहेर आले. लेकीचं पेन कुणीतरी लांबवलं म्हणून एवढा आनंद झालेलं गावातलं ते एकच घर असेल.

‘‘उद्या दोन घेऊन जा,’’ आई म्हणाली.

‘‘तिला कशाला फुकटचं?’’ चिमी म्हणाली आणि ताटावर येऊन बसली.