आजींनी तंबाखू घेतली, पण कशासाठी?

ओलिव्हबाईंनी तंबाखूची पुरचुंडी हातात घेतली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण नेमकं काय कबूल करून बसलोय हे आपल्याला ठाऊकच नाही.

पुरचुंडी लाल कापडात बांधलेली, अगदी रीतसर. घेऊन आला होता कॉनर, वीज कंपनीचा, विनिपेग शहरातून आलेला पोरगेलासा माणूस. अंगात नारिंगी टी-शर्ट, छातीवर लिहिलेलं: ‘मूळ रहिवाशांशी समेट, आमची बांधिलकी’. त्यानं दारात बूट काढले, चहा घेतला, दोन्ही हातांनी पुरचुंडी पुढे केली आणि “आदर म्हणून, आजी” असं काहीतरी पुटपुटून निघूनही गेला. ओलिव्हबाईंचा हात सवयीनं पुढे गेला होता. आपल्या क्री लोकांत, इथल्या मूळ रहिवाशांत, कोणी तंबाखू पुढे केली की त्यासोबत मागणं असतं. बाळाला नाव द्या, मुळी कुठे उगवते दाखवा, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करा. आणि एकदा घेतली की ते करायचंच, मग गुडघे कितीही ठणकोत. पण या बाबानं मागितलंच नाही काही!

“घेतलीस? न विचारता?” त्यांची नणंद मर्टल बॅनक रोटीचं पीठ मळता मळता म्हणाली. “धन्य आहे तुझी, वहिनी!”

“तो बोलेल असं वाटलं गं.”

“बोलेल की! हॉलमध्ये, कंपनीच्या कार्यक्रमात, सगळ्या गावासमोर. म्हणेल, आजींनी आमची तंबाखू घेतली, म्हणजे नव्या लाइनला होकार. मग बस हात चोळत.”

विजेची नवी लाइन पाइनच्या टेकडीवरून जाणार होती. त्या टेकडीवर ओलिव्हबाईंची लेक आयरीस पुरलेली होती, वर्षाचीही न झालेली. शिकारीच्या मुक्कामावरच गेली पोर. बर्फात जाळ करून, जमीन मऊ करून नवऱ्यानं खड्डा खणला होता. लाकडी क्रूस कधीच कुजला, नवराही गेला. कंपनीच्या नकाशात त्या जागी नुसती झाडं.

त्यांनी कॉनरला फोन लावला. “अरे, तू मागितलंस तरी काय?”

“काहीच नाही, आजी! प्रशिक्षणात सांगितलं होतं, तंबाखू द्यायची असते.”

“कशासाठी, ते नाही सांगितलं?”

“आदर... म्हणून?”

“मग आदराचं मी काय करू आता? लोणचं घालू?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. आता आली का पंचाईत! परत द्यावी, तर घेतलेली तंबाखू परत करणं म्हणजे आपलाच शब्द थुंकून टाकणं. ठेवून घ्यावी, तर कशाला हो म्हटलं कोण जाणे. पुरचुंडी आधी फ्रिजवर ठेवली, मग शिवणाच्या डब्यात, मग उशीजवळ. कुठेच चैन पडेना.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये मूस हरणाच्या मांसाचं सूप होतं आणि कंपनीची माणसं झाडून सगळी नारिंगी. त्यांची वरची अधिकारी लॉफ्टसबाई माईकवर आली.

“ओलिव्ह आजींनी आमची तंबाखू स्वीकारली आहे. आता त्या नव्या लाइनला आशीर्वाद देतील.”

सगळं गाव ओलिव्हबाईंकडे बघायला लागलं. मर्टलनं कपाळावर हात मारला. ओलिव्हबाई उठल्या तेव्हा त्यांचं डोकं तापलं होतं.

“घेतली, नाही म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण ज्यानं दिली त्यानं आपल्या तोंडानं मागायचं असतं. त्याचं मागणं अजून झालेलं नाही. कॉनर, ये पुढे. काय ते माग. मागशील ते करीन.”

“अगं बाई, वेडी झालीस का?” मर्टल ओरडली.

“थांब गं. कॉनर, फक्त एवढं ऐक. त्या टेकडीवर माझी आयरीस आहे. तान्ही होती. आता माग.”

कॉनरचा चेहरा पडला. लॉफ्टसबाई दबक्या आवाजात म्हणाली, “आशीर्वाद माग, चल लवकर.” त्यानं तिच्याकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं. ओलिव्हबाईंचा जीव टांगणीला. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना वाटायला लागलं.

“मला...” तो म्हणाला, “मला ती जागा दाखवाल का?”

“एवढंच?”

“एवढंच, आजी.”

“दाखवते.”

“आणि लाइनचं काय?” लॉफ्टसबाई माईक विसरून ओरडली.

“ही तंबाखू संपली, बाई. यानं मागितलं, मी कबूल केलं. तुम्हाला काही हवं असेल तर तुमची वेगळी आणा, आणि काय हवंय ते माझ्या तोंडावर सांगा. मग मी हात पुढे करते की नाही, ते बघू.”

गावातली म्हातारी माणसं टेबलं बडवायला लागली. कॉनर मात्र तिथंच उभा, कावराबावरा. “आजी, माझं परत काही चुकलं का?”

“सकाळी ये,” ओलिव्हबाई म्हणाल्या. “आणि हे असले बूट घालून येऊ नकोस, दलदल आहे.”

आणि त्या खुर्चीत बसल्या. आयरीसला बघायला येऊ का, असं बाहेरच्या माणसानं आजवर कधी विचारलं नव्हतं. आणि विचारलं कोणी, तर या नारिंगी शर्टवाल्यानं! हसावं की रडावं तेच त्यांना कळेना.