मर्कल फील्डवरची नऊ मिनिटं

मैदानाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस निम्मा वेळ झोपेतच असतो, असं श्रीरंगचं ठाम मत झालं होतं. ऑक्टोबरचं कोवळं ऊन, रिकामी लाकडी बाकं, मांडीवर वही आणि समोर नुसतं गवत. त्या गवताकडे पाच मिनिटं बघत राहिलं की एकोणीसशे चौतीस आणि दोन हजार सात ही सालं एकमेकांत मिसळायची. जाड लोकरी जर्सी घातलेली माणसं एका बाजूनं पळत यायची, दुसऱ्या बाजूनं परवाचेच जपानी खेळाडू यायचे, आणि श्रीरंगची मान हळूच छातीवर पडायची.

मर्कल फील्ड अमेरिकेतल्या ट्रॉय शहरापासून वीस मिनिटांवर, एका संथ नदीच्या काठी होतं. बेअरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यानं ते कामगारांसाठी बांधलं. तिथे उत्तर इंग्लंडहून आलेले फोरमन होते, आणि त्यांनी ट्रंकेत घालून आणावा तसा आपला खेळ बरोबर आणला: रग्बी लीग. तेरा जणांचा संघ, चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं; सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. अमेरिकेत या खेळाला कुत्रंसुद्धा विचारत नाही. तरीही या गवतावर देश खेळून गेले होते. न्यूझीलंडचा एक संघ दौऱ्यावरून घरी परतताना दोन दिवस थांबला आणि चिखलात खेळला. पुढे कारखाना बंद पडला, वीस वर्षं तिथे फक्त बदकं होती. मग अर्ल नावाच्या एका हट्टी माणसानं क्लब काढला, आणि दोन हजार एकपासून दर ऑक्टोबरात एक आंतरराष्ट्रीय सामना व्हायला लागला. जमैका आला, वेल्स आला, जपान तर दोनदा.

आता जमीन विकली गेली होती. यंदाचा आयर्लंडचा सामना झाला की बाकं मोडायची, तिथे टाउनहाउस उभी राहायची. अर्लनं श्रीरंगच्या हातात फोटोंचा खोका देऊन सांगितलं होतं की शेवटच्या दिवशी वाटायला पुस्तिका हवी, आणि तिच्यात प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामना नि मैदानात उतरलेल्या प्रत्येक खेळाडूचं नाव हवं. जो रेषेच्या आत गेला त्याचंच नाव. बाकावर बसलेल्याचं नाही. हे काम श्रीरंगला देण्यात अर्लचं काही चुकलं नव्हतं. श्रीरंग पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला, आणि दुसऱ्याची चूक काढायची संधी त्यानं आयुष्यात कधी सोडली नव्हती. क्लबचं सगळं मोजमाप सहा वर्षं तोच सांभाळत होता.

पण सगळी पानं झाली तरी दोन हजार तीनचं पान होत नव्हतं, आणि छपाईला गुरुवारी द्यायचं होतं.

त्या पानावर नंदू अडला होता. नंदू नागपूरचा, श्रीरंगच्याच ऑफिसातला, कॉलेजात कबड्डीचा डावा कोपरा. नदीकाठी फिरताना एका रविवारी त्यानं ही पाडापाडी बघितली आणि ओरडला, "अबे, ही तर कबड्डीच आहे! फक्त दम धरायचा नाही." पुढच्या रविवारी तो मैदानात होता. त्याची घोटा पकड बघून दीडशे किलोची माणसं गोंधळून जात. तीन वर्षं देशात राहिलं की त्या देशाकडून खेळता येतं असा या खेळाचा नियम. ग्रीन कार्डाचा अर्ज कुठल्याशा टेबलावर धूळ खात पडला होता, पण अमेरिकेची जर्सी आधी घरी आली. नंबर सतरा, म्हणजे राखीव. वेल्सविरुद्ध.

त्या दुपारी नदीवरून धुकं आलं. पलीकडचे खांब दिसेनासे झाले, खेळाडू मधूनच उगवायचे आणि मधूनच विरघळायचे. श्रीरंग रेषेजवळच्या टेबलावर बसला होता. संघाला बारा वेळा खेळाडू बदलता येतात. प्रत्येक बदलाचं एक कार्ड त्याच्याकडे द्यायचं, त्यानं मोजायचं, त्यानं हो म्हटलं की आत. शेवटची नऊ मिनिटं उरली असताना नंदू धुक्यातून कार्ड घेऊन आला, दात एकमेकांवर दाबलेले. श्रीरंगनं कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "सॉरी यार. बारा संपले."

नंदू रेषेपाशी उभा राहिला. शिट्टी वाजेपर्यंत उभाच होता.

संध्याकाळी घरी कागद नीट उतरवून काढताना श्रीरंगला चूक दिसली. सातवं कार्ड मोजायचंच नव्हतं. वेल्सच्या फाऊलमुळे जखमी झालेला खेळाडू बाहेर आला होता, आणि तसा बदल हिशोबात धरत नाहीत. अकराच झाले होते. नंदूचा बारावा.

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. उद्याचा परवा झाला, आणि मग दिवाळीच्या पार्टीत कुणीतरी नंदूला विचारलं, "मग खेळलास की नाही?" नंदू म्हणाला, "खेळलो ना. शेवटची नऊ मिनिटं." धुक्यात कुणाला काय दिसलं होतं? सामन्याच्या वेळी त्याची बायको प्रीता लेकीला घेऊन भावाच्या लग्नाला भारतात गेली होती. सगळ्यांनी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंगच्या तोंडात चकली होती. त्यानं मान डोलावली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, दोघांचीही. मराठी मंडळाच्या गणपतीत नंदूची ओळख "आपले इंटरनॅशनल प्लेअर" अशी व्हायची, टाळ्या पडायच्या, आणि दोघं एकमेकांची नजर चुकवायचे. नंदूचा गुडघा गेला, खेळ सुटला, पण ती नऊ मिनिटं वाढतच गेली. त्यांत दोन पकडी आल्या, मग एक धाव आली. आणि आता त्याची आठ वर्षांची नेत्रा फोनवर म्हणाली होती, "श्रीरंग काका, कॅन आय टेक द बुक टु स्कूल? विथ डॅडीज नेम?"

बुधवारी सकाळी श्रीरंगनं नंदूला मैदानावर बोलावलं. नदीवरून पुन्हा धुकं आलं होतं, गवत अर्ध्यातच संपल्यासारखं दिसत होतं. नंदू लंगडत आला आणि बाकावर बसला.

"बुकलेट झालं?"

"एक नाव अडलंय."

नंदूनं कुणाचं ते विचारलं नाही. तो म्हणाला, "हे एक दिवस येणारच होतं. नको लिहू." मग गवताकडे बघत सांगायला लागला, "तुला एक सांगतो. प्रीतालाही सांगितलेलं नाही. कोचनी मला आधी बोलावलं होतं. मी लेस बांधत बसलो. बांधलेलीच होती बे ती! त्यांचा तो राक्षसासारखा आठ नंबर बघितला आणि पाय हलेना. कोचनी वैतागून दुसऱ्याला पाठवला. मग मी उठलो, कसाबसा तुझ्यापर्यंत आलो, तर बारा संपले होते. एक मिनिट आधी उठलो असतो तर... नागपुरात मी कुणाच्या बापाला घाबरलो नव्हतो. इथे देशाची जर्सी घालून घाबरलो. ते झाकायला खोटं बोललो."

श्रीरंग आपल्याच अपराधाचा विचार करत आला होता. नंदू ती सगळी वर्षं आणखी कशाची तरी शिक्षा भोगत असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"संपले नव्हते," तो म्हणाला.

"काय?"

"अकराच झाले होते. मी एक जास्त मोजला. तू वेळेवर आला होतास, नंदू. तुझा नंबर शिल्लक होता. मला त्याच संध्याकाळी कळलं."

नंदू हळूहळू उठला. "त्याच संध्याकाळी?"

"हो."

"म्हणजे चार वर्षं मी स्वतःला भित्रा म्हणत होतो, आणि तू चकली खात मान डोलवत होतास?"

श्रीरंगला लाज वाटत होती, नुसती लाज. नंदू वळला, बाकांच्या पायऱ्या उतरला, रेषेपाशी क्षणभर थांबला आणि आत गेला. धुक्यानं त्याला गिळलं. मग पावलं ऐकू आली, आधी लंगडी, मग भरभर, इकडून तिकडे, तिकडून इकडे. श्रीरंगला वाटलं, आत एकटा नंदू नाही. लोकरी जर्सीवाले फोरमन आहेत, चिखलातले न्यूझीलंडवाले आहेत, बदकंसुद्धा आहेत, आणि त्या सगळ्यांतून दुखऱ्या गुडघ्याचा एक माणूस चेंडूशिवाय पळतो आहे. किती वेळ गेला कोण जाणे.

नंदू बाहेर आला तेव्हा धापा टाकत होता आणि चेहरा ओला होता, घामानं की कशानं ते सांगता येत नव्हतं.

"माझं नाव लिहायचं नाही," तो म्हणाला. "नाही खेळलो तर नाही खेळलो. घरी मी सांगतो." मग बोट रोखून म्हणाला, "तुझं लिही."

आणि तो गाडीकडे गेला.

श्रीरंगनं लिहिलं. दोन हजार तीनच्या पानाखाली एक ओळ: शेवटच्या नऊ मिनिटांत अमेरिकेचा सतरा नंबरचा खेळाडू नियमानं मैदानात जायला पात्र होता, मोजणारे श्रीरंग देशमुख यांच्या चुकीमुळे त्याला रोखलं गेलं. अर्लनं ती ओळ दोनदा वाचली. या मैदानावर शंभर चुका झाल्यात, तो म्हणाला, पण कबूल केलेली ही पहिलीच. चला, छापा. अशा रीतीनं मर्कल फील्डच्या इतिहासात एकुलतं एक मराठी नाव गेलं, आणि ते न खेळलेल्या माणसाचं, कपाळावर डाग घेऊन.

नंदू दहा दिवस बोलला नाही. ऑफिसात समोरून जायचा, पण जणू मध्ये काच होती. श्रीरंगनं तीनदा फोन केला, प्रीतानं उचलला आणि एकदाच म्हणाली, "त्यांनी मला सगळं सांगितलं. थोडा वेळ द्या, भावजी."

शेवटच्या सामन्याला ऊन पडलं होतं. कधी नव्हे ती बाकं भरली. हिरव्या जर्सीतले आयरिश खेळाडू उड्या मारत होते, म्हाताऱ्या फोरमनांचे नातू फोटो काढत होते. श्रीरंग टेबलावर येऊन बसला. हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असं त्यानं अर्लला विनवलं होतं, पण अर्लकडे दुसरं होतं कोण? कोऱ्या कागदावर त्यानं एक ते बारा आकडे लिहिले.

शेजारी काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. नंदू एक लोखंडी खुर्ची गवतावरून फरफटत आणत होता. त्यानं ती टेबलाला लावली, दुखरा पाय लांब करून बसला, खिशातून पेन काढलं आणि श्रीरंगच्या पुढ्यातला कागद ओढून दोघांच्या मधोमध ठेवला.

"राग गेलेला नाही," तो समोर बघत म्हणाला.

"ठीक आहे."

शिट्टी वाजली. सतराव्या मिनिटाला एक तरुण पोरगा, पंधरा नंबरचा, धावत टेबलापाशी आला. त्याच्या हातातलं कार्ड थरथरत होतं. श्रीरंगनं ते घेतलं आणि नंदूकडे पाहिलं. नंदूनं कार्ड बघितलं, मैदानाकडे बघितलं, पोराच्या बुटाच्या लेसकडे बघितलं.

"एक," नंदू मोठ्यांदा म्हणाला. "जा रे, पळ."