शेठच्या खोक्यात हात घालायचा नाही

ताई नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तिच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात कुत्रा. बाबा दारातच म्हणाले, "एक संकट पुरे नव्हतं?"

कुत्र्याला आम्ही शेठ म्हणायचो. नाव शेठ, काळीज उंदराचं. बेल वाजली की पलंगाखाली. बाबा घरातच शिवणकाम करतात, दिवसभर मशीन चालू. शेठ कोपरा शोधत फिरायचा आणि गिऱ्हाइकांच्या कापडावर मुतायचा.

रोज एकदा बाबांचं ठरलेलं, "जुळवून घे गं. भांड्याला भांडं लागायचंच."

"भांडं नाही लागत बाबा, हात लागतो."

बाबा लगेच मशीन जोरात चालवायचे. म्हणजे ऐकूच आलं नाही.

मी फ्रिजच्या दुकानात डिलिव्हरीला आहे. गोदामातून एक लाकडी खोकं आणलं. खिळे उपटले, कडा घासल्या, जाळीचं दार लावलं. बाबांच्या कापायच्या टेबलाखाली बरोबर बसलं. ताईनं आत स्वतःचा जुना स्वेटर अंथरला. दार उघडंच ठेवायचं, जेवण आत द्यायचं. आधी शेठ नुसती मान आत घालून खायचा, ढुंगण बाहेर, पळायच्या तयारीत. मग सगळाच आत जायला लागला. मग ताई दार जरासं लावायची, लगेच उघडायची. असं करत करत.

ताईचे नियम कडक होते. शिक्षा म्हणून कोंडायचं नाही. आत असला की ओरडायचं नाही. हात घालून ओढायचं तर नाहीच नाही.

"एवढी एकच जागा त्याची आहे," ती म्हणायची.

"शेठला बंगला झाला," बाबा म्हणाले. "आता वॉचमन ठेवा." पण उरलेल्या अस्तराचा पडदा त्यांनीच शिवून दिला.

शेठ सुधारला राव. मशीन चालू असतानाही आत घोरायचा.

आणि मग दाजी आले. फळं घेऊन. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर.

"बाबा, ती चिडकी, मी जरा तापट. चूक दोघांची."

बाबांनी मान हलवली. मला म्हणाले, "ताईची बॅग काढ."

मी हललो नाही.

"मला जायचं नाहीये," ताई म्हणाली. "बाबा, तुम्ही राहा म्हणालात तरच राहता येईल मला. दुसरं कुठे जाऊ?"

बाबांनी कात्री उचलली आणि कापड कापायला घेतलं. दाजी हसले. "बरं, तू विचार कर. कुत्रा तरी माझा आहे ना? पैसे मी दिलेत. बोलव त्याला, तुझं ऐकतो."

"नाही बोलवणार. तिथून त्याला कोणी बाहेर काढत नाही."

दाजींनी टेबलाशी गुडघा टेकला आणि खांद्यापर्यंत हात खोक्यात घातला. तोंडानं बाबांशी बोलणं चालूच, खाली गाडी लावायला जागा मिळत नाही वगैरे. आत न बघताच मानेचं कातडं धरलं, पिळलं, खेचलं. शेठ भुंकला नाही. चावला नाही. मुतला फक्त. दाजींचं वाक्य मध्ये तुटलंसुद्धा नाही.

ताईचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला.

बाबांनी ते पाहिलं. कात्री खाली ठेवली.

"ती येणार नाही," बाबा म्हणाले.

"मग हा?"

"कुत्रा न्या. पोरगी राहील."

दाजींनी खांदे उडवले. शेठला काखेत मारलं आणि जिना उतरायला लागले.

"कुत्र्यावरून कळलं तुम्हाला," ताई म्हणाली. "माझ्यावरून नाही कळलं."



मी जिन्याकडे धावलो. ताईनं मागून शर्ट पकडला.

"थांब. खाली तमाशा केलास तर गाडीत बसल्या बसल्या तो शेठवर राग काढेल."

"मग काय करायचं?"

ती आम्हाला खिडकीशी घेऊन गेली. खाली दाजी मागचं दार उघडून शेठला आत ढकलत होते.

"हसा," ती म्हणाली. "दोघंही. हात हलवा, नीट."

दाजींनी वर बघितलं. आम्ही तिघांनी हात हलवला. बाबांनी सगळ्यात जास्त वेळ हलवला.